तिसऱ्या माणसाची जागा

लंडन शहरात २००६ साली समलिंगी आणि पारलिंगी मंडळींची म्हणून ओळखली जाणारी मद्यगृहे, नृत्यगृहे आणि तत्सम रात्रीची ठिकाणे १२५ होती. २०१७ साली ही संख्या ५३ वर आली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील नगर-अभ्यासकांनी हे आकडे प्रसिद्ध केले तेव्हा हळहळ व्यक्त झाली खरी. पण हळहळीपेक्षा अधिक जोमाने पुढे आला तो एक युक्तिवाद. तो असा : या जागा दडपणुकीची अपत्ये होती, दडपणूक सरली, म्हणून जागाही सरल्या. ब्रिटनमध्ये २००१ साली संमतिवयातला भेद गेला, २००४ साली समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाचा कायदा झाला, २०१४ साली इंग्लंड-वेल्समध्ये समलिंगी विवाह होऊ लागले. आणि २००९ साली ग्राइंडर आल्यापासून तर जोडीदार शोधण्याची सोय खिशातल्या फोनवरच झाली. ज्याला भर रस्त्यात हातात हात घालून चालता येते त्याने तळघराच्या पायऱ्या कशाला उतराव्यात? मोडलेला पाय जुळला की माणूस कुबडी टाकून देतो. कुबडीसाठी कोणी सुतक पाळत नाही.

हा युक्तिवाद वरवर पाहता निर्दोष वाटतो. इतकेच नव्हे, तर उदारही वाटतो. तो मांडणारे बहुधा समलिंगी माणसांचे वैरी नसतात, हितचिंतक असतात. त्यांच्यापैकी काही स्वतः समलिंगीच असतात. म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. वैऱ्याच्या युक्तिवादाला उत्तर देण्यास फारसे श्रम पडत नाहीत.

आधी वस्तुस्थिती पाहावी. त्याच अभ्यासकांनी तुलनेसाठी आणखी काही आकडे दिले आहेत. ब्रिटनमधील सर्वसाधारण पब २००१ ते २०१६ या काळात २५ टक्क्यांनी घटले; लंडनमधील लहान संगीतगृहे २००७ ते २०१६ या काळात ३५ टक्क्यांनी; ब्रिटनमधील नाइट क्लब २००५ ते २०१५ या काळात ४४ टक्क्यांनी. समलिंगी मंडळींच्या जागांतली घट ५८ टक्के होती. आता भिन्नलिंगी माणसांना मद्यगृहात जाण्याची गरज कोणत्या मुक्तीमुळे उरली नाही, असा प्रश्न विचारला तर युक्तिवादाचा पाय डळमळू लागतो. रात्रीचे सारेच जीवन आक्रसत होते, आणि ज्याच्यापाशी स्वतःच्या मालकीची भिंत नाही त्याची जागा सर्वांत आधी जात होती, एवढाच याचा सरळ अर्थ आहे. चेरिंग क्रॉस रोडवरचे 'अ‍ॅस्टोरिया' हे जुने नाट्यगृह २००९ साली पाडले गेले, ते भुयारी रेल्वेच्या नव्या मार्गासाठी. तिथे वर्षानुवर्षे भरणाऱ्या समलिंगी तरुणांच्या रात्री आधीच दुसरीकडे हलल्या होत्या. कॅम्डेनमधील 'ब्लॅक कॅप' एप्रिल २०१५ मध्ये बंद झाले. स्त्रीवेषातल्या विनोदी कलावंतांची ती पंढरीच होती. मिसेस शफलविक या गाजलेल्या पात्राचे नाव तिथल्या माडीवरच्या बारला दिलेले होते. स्थानिक नगरपालिकेने तिची समाजाची ठेव म्हणून नोंद केली होती, तरीही टाळे लागले. आणि त्यानंतर लोक शनिवारी बंद दारासमोर, फुटपाथवर, जमत राहिले. गरज संपली म्हणून दार बंद झाले असते तर फुटपाथवर कोण कशाला उभे राहिले असते?

पूर्व लंडनमधील 'जॉइनर्स आर्म्स' याच वर्षी जानेवारीत गेले. त्याची कथा अधिक बोलकी आहे. ती जागा बांधकामासाठी हवी होती. गिऱ्हाइकांनी संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले. आणि २०१७ साली टॉवर हॅम्लेट्सच्या नगरपालिकेने बांधकामाला परवानगी देताना अट घातली, की नव्या इमारतीत समलिंगी मंडळींसाठी रात्री उशिरापर्यंत चालणारी जागा राखली पाहिजे. नगररचनेच्या कागदपत्रात अशी अट यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. पण अट कागदावर असते, आणि मद्यगृह माणसांत असते. दाराशी उभा राहून येणाऱ्याला नावाने हाक मारणारा मालक अटीने निर्माण होत नाही.

फोनने काहीच हिरावले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. जो केवळ सोबतीच्या शोधात येत असे तो घरीच थांबू लागला, आणि त्याच्या दोन पेल्यांवर चालणारा गल्ला रोडावला. हे कबूल केलेच पाहिजे. परंतु यातून सिद्ध काय होते? फोन दोघांची गाठ घालून देतो, एवढेच. मूळ प्रश्न तर तिसऱ्याचा आहे. ('तिसरा' हा शब्द येथे तृतीयपंथी या अर्थाने नव्हे, तर दोघांच्या पलीकडचा कोणीही या साध्या अर्थाने वापरला आहे.)

इंग्लंडमधील कायद्याचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १९६७ साली तिथे एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांचा खाजगीतला संबंध गुन्हा राहिला नाही, हे सर्वांना ठाऊक असते. 'खाजगी' या शब्दाची त्या कायद्याने केलेली व्याख्या सहसा कोणी वाचत नाही. दोनांहून अधिक व्यक्ती सहभागी असतील किंवा नुसत्या हजर असतील, तर ती कृती खाजगी मानली जाणार नव्हती. म्हणजेच गुन्हाच राहणार होती. भिन्नलिंगी माणसांना असा हिशेब लावलेला नव्हता. २००० साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने या व्याख्येविरुद्ध निर्णय दिला आणि २००३ च्या कायद्याने ती इतिहासजमा झाली. कलम शय्यागृहापुरते होते, हे खरे. त्यामागची दृष्टी मात्र शय्यागृहापुरती नव्हती. समाजाने या माणसांना जी सूट दिली ती जोडीला दिली, जमावाला नाही. दोघे चालतील, दार लावून घ्यावे, पडदा ओढावा, शेजाऱ्यापर्यंत आवाज जाऊ देऊ नये. तिसरा आला की ती मंडळी होते, मंडळी झाली की ती मोठ्याने हसते, गाणे म्हणते, वर्गणी काढते, आणि उद्या कदाचित मोर्चाही काढील. भीती या तिसऱ्याची होती.

भीती अनाठायी नव्हती, असेच त्या जागांचा इतिहास सांगतो. टेरी हिगिन्स नावाचा एक गृहस्थ दिवसा ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा वृत्तांत लिहिण्याचे काम करी आणि रात्री 'हेवन' या नृत्यगृहात काम करी. तिथेच तो एके रात्री कोसळला, आणि ४ जुलै १९८२ रोजी इस्पितळात मरण पावला. ब्रिटनमध्ये एड्सने गेलेल्या पहिल्या काही माणसांपैकी तो एक. त्याच्या जोडीदाराने आणि मित्रांनी त्याच्या नावाने जी संस्था काढली ती पुढे त्या देशातील या क्षेत्रातली अग्रगण्य संस्था झाली. एवढ्या मोठ्या कामाची सुरुवात आरोग्यखात्याच्या परिपत्रकातून झालेली नाही. नृत्यगृहात काम करणाऱ्या एका माणसाला ओळखणाऱ्या, त्याच्या जाण्याने हललेल्या माणसांपासून झालेली आहे. ज्यांची एकमेकांशी ओळखच नाही त्यांनी कोणाच्या नावाने संस्था काढावी? नंतरच्या काळात याच मद्यगृहांत आजाऱ्यांसाठी डबे फिरले. कोणता डॉक्टर हात लावतो आणि कोणता लावत नाही, घरमालकाने बाहेर काढले तर कोणाकडे पथारी टाकावी, मृताचे नातेवाईक जोडीदाराला अंत्यविधीला येऊ देत नसतील तर काय करावे, याची माहिती बारच्या फळीवर कोपर टेकून दिली-घेतली गेली. विद्यापीठात तिला ज्ञान म्हणत नाहीत. जगण्यासाठी मात्र तीच लागत असे.

या जागांकडे राज्यसंस्था कोणत्या नजरेने पाहत होती तेही याच काळात दिसते. जानेवारी १९८७ मध्ये 'रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न' या मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा त्यांनी हातात रबरी मोजे चढवले होते. स्पर्शाने एड्स होतो या समजुतीने कायद्याचे रक्षक नागरिकांना मोजे घालून धरत होते. धरलेल्यांत लिली सॅव्हेज हे स्त्रीपात्र रंगवणारा पॉल ओ'ग्रेडी होता. हाच ओ'ग्रेडी पुढे घराघरांतल्या दूरचित्रवाणीचा लाडका झाला. २००८ साली त्याला राणीचा सन्मान मिळाला. २०२३ साली तो गेला तेव्हा देशाने शोक केला. सगळ्यांना तो हवा होता. तो जिथे घडला ती खोली किती जणांना हवी होती? २०१५ साली त्या मद्यगृहाची इमारत संरक्षित वास्तू ठरली, समलिंगी समाजाच्या इतिहासातील स्थानामुळे असे संरक्षण मिळालेली ब्रिटनमधली ती पहिली इमारत; पण तिच्यासाठीही गिऱ्हाइकांनाच झगडावे लागले.

मराठी वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नसावे. स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाला डोक्यावर घेणारी ही संस्कृती आहे. बालगंधर्वांच्या नावाने पुण्यात १९६८ सालापासून रंगमंदिर उभे आहे, आणि त्यांच्या शालूचे, चालीचे, पदांचे वर्णन करताना मराठी लेखणी अजून थकलेली नाही. तिकीट काढून, दिवे मंद करून, समोर रांगेत बसून पाहिलेला स्त्रीवेष म्हणजे कला. तोच दारूच्या पेल्यांमध्ये, प्रेक्षकाच्या खांद्यावर हात टाकून आला की थिल्लरपणा. या दोहोंतला भेद कलेचा आहे की जागेचा, हे कधीतरी प्रामाणिकपणे ठरवायला हवे.

अर्थात या जागा म्हणजे स्वर्ग होत्या असे चित्र रंगवणे ही दुसरी लबाडी होईल, आणि आठवणी काढणारे ती वारंवार करतात. चेल्सीमधला 'गेटवेज' हा क्लब १९८५ साली बंद झाला. कित्येक दशके इंग्लंडमधील समलिंगी स्त्रियांना भेटण्याची ती जवळजवळ एकमेव खात्रीची जागा होती, हिरव्या दाराची, सभासदांपुरती. पण १९७१ साली समलिंगी मुक्ती चळवळीतल्या तरुणी तिथे पत्रके घेऊन गेल्या, तेव्हा चालकांनी पोलिस बोलावले. ज्या भिंतींनी आडोसा दिला त्याच भिंतींना चळवळीचा आवाज खपला नाही. काळ्या कातडीच्या माणसांना तर अनेक दारांवरूनच परत फिरावे लागे. म्हणून जमैकाहून आलेल्या पर्ल अल्कॉक या बाईने १९७०च्या दशकात ब्रिक्स्टनमध्ये, परवान्याची फिकीर न करता, आपल्या जागेत कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांसाठी रात्रीची बैठक चालवली. पुढे ती चित्रकार म्हणून ओळखली गेली. दक्षिण आशियाई मंडळींची कथा याहून वेगळी नाही. १९८८ साली लंडनमध्ये 'शक्ती' हा त्यांचा गट उभा राहिला, आणि १९९५ साली रितू व रीटा या दोघींनी 'क्लब काली' सुरू केला. तिथे भांगडा वाजला, हिंदी चित्रपटांतली गाणी वाजली. घरी आईसमोर जी गाणी गुणगुणायची आणि बाहेर ज्या सुखाबद्दल मौन पाळायचे, ती दोन्ही एका छताखाली आली. एका जागेने वगळलेल्यांनी दुसरी जागा उभी केली, दुसरीने वगळलेल्यांनी तिसरी. जागांचे दोष दाखवून जागाच नकोत म्हणणारे या साखळीकडे डोळेझाक करतात. गेटवेजच्या दारात भांडायला 'गेटवेज' असावे लागते.

मग स्मरण कशातून करायचे? येथे कागदपत्रांचा प्रश्न येतो, आणि तो ग्रंथालयांच्या जिव्हाळ्याचा आहे. लंडनमध्ये एंडेल स्ट्रीटवर, एका तळघरात, १९३४ साली 'कॅरव्हान क्लब' चालत असे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी छापा घालून तो बंद पाडला. तिथली सजावट कशी होती, कोण कोणाबरोबर नाचत होते, कोणी ओठांना रंग लावला होता, हे सारे आज तपशिलाने सांगता येते. कारण साध्या वेषातले पोलिस आधी पाळतीवर बसून टिपणे करत होते, आणि ती टिपणे, छायाचित्रे, जप्त केलेली पत्रे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत. २०१७ साली त्यांच्याच आधारे त्या क्लबची प्रतिकृती काही दिवस उभारली गेली. जे नाचले त्यांनी आपली पत्रे जाळली असतील, कारण ती सापडली तर तुरुंग होता. ज्यांनी पकडले त्यांनी ती सांभाळली, कारण ती पुरावा होती. या माणसांच्या आनंदाची सर्वांत निगुतीने ठेवलेली नोंद आरोपपत्राच्या फायलीत असावी, हा दैवदुर्विलास नव्हे. ज्या समाजात मंडळीला स्वतःची बखर लिहिण्याची सोय नसते तिथे बखर दरोगाच लिहितो.

भाषेतसुद्धा तेच झाले आहे. लोक रात्री जमतात त्या जागेला मराठीत प्रतिष्ठित शब्द कमी नाहीत : बैठक, मैफल, कट्टा, फड. पण समलिंगी माणसे जमली की शब्दकोश बदलतो, आणि 'अड्डा' हा एकच शब्द उरतो. तोही 'छापा' या शब्दाला बांधलेला.

मुंबईकडे यायचे ते या शब्दावरून. कुलाब्यात आर्थर बंदर रोडवर १९७०च्या दशकात 'स्लिप डिस्क' नावाचे नृत्यगृह होते. १९७२ साली 'लेड झेपेलिन' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदातील जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट हे दोघे एका रात्री तिथे येऊन वाजवून गेले. मुंबईच्या संगीतजीवनाचा इतिहास सांगताना ही रात्र कोणी विसरत नाही. पुढे त्याच जागी 'वूडू' नावाचा पब आला, आणि नव्वदच्या दशकात तिथली शनिवारची रात्र समलिंगी मंडळींची झाली. १९९० साली अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले होते, १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था नोंदली गेली; परंतु तेव्हाच्या भारतीय दंडविधानातले ३७७ कलम जसेच्या तसे होते. अशा दिवसांत उपनगरातून शेवटच्या गाडीचा हिशेब मांडून कुलाब्याला यायचे, तिकिटाचे पैसे मोजायचे, आत जाऊन चारचौघांत चारचौघांसारखे उभे राहायचे, याला काय लागत असेल ते सांगण्यासाठी इतिहासकाराची गरज नाही. 'वूडू' आज नाही. त्या खोलीच्या चरित्रात दोन परदेशी वादकांची एक रात्र नोंदली गेली. शहरातल्याच माणसांचे अनेक वर्षांचे शनिवार ओळखीच्या लोकांच्या आठवणीत राहिले, आणि ती माणसे आता वयाने उतरणीला लागली आहेत.

'वूडू'तही सर्वांना प्रवेश नव्हता, हे सांगितले पाहिजे. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नाहीत त्याला रेल्वेचे फलाट होते, लोकलचा डबा होता, समुद्राकाठचा अंधार होता. आणि तिथे गणवेशातला माणूस पैसे मागायला उभा राही. रात्रीची नीती दरपत्रक पाहून ठरते, हे महाराष्ट्राने २००५ साली डान्स बारवर बंदी घातली तेव्हा सगळ्यांनी पाहिले. त्या दुरुस्तीत तीन किंवा अधिक तारे लावलेल्या हॉटेलांना सूट होती. बंदी आधी उच्च न्यायालयाने आणि मग २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. पण स्वस्त अंधार तो पाप आणि महाग अंधार तो पर्यटन, ही समजूत न्यायालयाच्या निकालाने जाण्याइतकी हलकी नाही.

भारतातली समलिंगी हक्कांची कथा आज सांगितली जाते ती निकालांच्या तारखांनी : दिल्ली उच्च न्यायालय, २ जुलै २००९, सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले, ११ डिसेंबर २०१३, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या व्याख्येतून बाहेर काढले. या तारखांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २०१८च्या निकालपत्रात बंद खोलीच्या पलीकडच्या, सार्वजनिक जागेतल्या हक्काचाही विचार आहे, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. पण लोकांच्या मनात जो उतरला तो निकाल वेगळा आहे. 'आपापल्या खोलीत काय करायचे ते करा' हे वाक्य आता सुशिक्षित घरांतून औदार्याने उच्चारले जाते. नंतरची मोठी लढाई विवाहाची झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तीत नकार मिळाला. ती मागणी न्याय्यच आहे. तरी तीही दोघांचीच. पुन्हा खोली, पुन्हा जोडी, पुन्हा ओढलेला पडदा.

मराठी साहित्याने याहून काही वेगळे केले असते तर या लेखनाचा अर्धा भाग अनावश्यक ठरला असता. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. ते धाडसी होते यात शंका नाही. पण त्यातली सुमित्रा एकटी आहे. तिच्यासारखी दुसरी दहा माणसे या जगात असतील, कुठेतरी जमत असतील, ही शक्यताच त्या नाटकाच्या हवेत नाही, आणि तिचा शेवट मृत्यूत होतो. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये मुलाचे सत्य आईला उमगते, आणि जे घडते ते आईच्या मनात घडते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत एकाच घरातले भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात; घराच्या भिंती ओलांडून ते दुःख मंडळीत जात नाही. बिंदुमाधव खिरे यांचे लेखन आणि पुण्यातले संस्थात्मक कार्य यांनी मराठीत या विषयाला बोलती भाषा दिली, हे ऋण मोठे आहे. यांपैकी प्रत्येक कृती स्वतंत्रपणे पाहिली तर सच्ची वाटते. एकत्र पाहिल्या की मात्र ध्यानात येते, की मराठी साहित्यातला समलिंगी माणूस हा नेहमी कोणाच्या तरी घरातला पेच असतो. तो कोणत्याही मंडळाचा सभासद नसतो. आनंद यादवांच्या 'नटरंग'मध्ये अख्खा फड आहे, मंडळी आहे, रात्र आहे. पण त्या कादंबरीची सारी व्यथा नाच्याला 'तसला' समजले गेल्याची आहे. 'तसल्यां'ची नाही.

इराण्याचे हॉटेल बंद झाले तर मराठी वृत्तपत्रे हळवी होतात. गिरण्यांचे भोंगे थांबले त्यावर उत्तम कविता आणि कादंबऱ्या झाल्या. चाळीच्या गॅलरीवर तर साहित्याची एक वेगळी शाखाच वाढली. कारण या भाषेला ठाऊक आहे, की माणूस घडतो तो घरात आणि कामावर जितका, तितकाच या दोहोंच्या मधल्या जागेत. हे ज्ञान असलेल्या भाषेने नेमकी याच माणसांची मधली जागा अनावश्यक का मानावी? दारूचे कारण पुढे केले जाईल. मराठी साहित्यातले किती आवडते प्रसंग पेल्याशिवाय घडले आहेत, याची गणती कोणी करून पाहावी.

बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात एक क्वीअर अभिलेखागार आहे. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की उच्चार 'कमरा' असा होतो, म्हणजे खोली. चळवळीची कागदपत्रे, मुलाखती आणि चित्रफिती तिथे ठेवल्या जातात. महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा ग्रंथालयाने किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाने असे काही मराठीत करायचे ठरवले, तर सामग्री अजून हाताशी आहे : पार्टीची हस्तपत्रके, प्रवेशाचे शिक्के, दुकानातून धुऊन आणलेली छायाचित्रे, मित्रांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांचे बोलणे, नाव उघड न करण्याच्या अटीवर का होईना. याला मोठा निधी लागत नाही. ध्वनिमुद्रक लागतो, चहा लागतो, आणि ऐकणाऱ्याला संध्याकाळ मोकळी ठेवावी लागते.

अडचण पुढे येईल ती कपाटाची. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात १९३२च्या आवृत्तीने समलैंगिकतेला प्रथम स्थान दिले ते मनोविकृतीच्या शेजारी. नंतर ती वैद्यकात, समाजशास्त्रात फिरत राहिली, आणि आता लैंगिक अभिमुखतेवरच्या पुस्तकांना ३०६.७६ हा क्रमांक मिळतो. खाण्यापिण्याच्या सार्वजनिक जागांवरची पुस्तके ६४७.९५ मध्ये जातात, इराण्यांच्या हॉटेलांचा इतिहासही तिथेच. उद्या कोणी कुलाब्यातल्या त्या शनिवारांवर मराठीत पुस्तक लिहिले, तर ग्रंथपालाने ते कोणत्या फळीवर लावायचे?